शीर्षकात माणसाचं नाव की गावाचं?

वाचनकट्ट्याची यादी करायला काहीतरी सूत्र लागतंच. सूत्र नसलं की ज्याचा आवाज मोठा, त्याचं आवडतं पुस्तक आधी येतं. लेखक धरून यादी केली तर गट पडतात. विषय धरून केली तर ऐतिहासिक आणि सामाजिकवाल्यांची ओढाताण सुरू होते. त्या मानानं शीर्षकावरून यादी करणं कोणालाच टोचत नाही, आणि त्यात मजाही आहे. खान्देशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही ते दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलं. आधी शीर्षकात माणसाचं नाव असलेली पुस्तकं घेतली, मग ठिकाणाचं नाव असलेली. यंदा शेजारच्या तालुक्यातली काही मंडळी कट्टा सुरू करताहेत. त्यांनी विचारलं, आम्ही कुठून सुरुवात करू? त्यांच्यासाठी आणि तशाच विचारात असलेल्या इतरांसाठी हे लिहितो आहे. कोणता लेखक किती थोर हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात जात नाही.

दोन्ही तऱ्हा मराठीत जुन्याच. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. दोन्हींच्या शीर्षकात बाईचं नाव. पुढे १८७१ मध्ये गुंजीकरांचा ‘मोचनगड’ आला आणि शीर्षकात किल्ला येऊन बसला. तेव्हा परंपरेच्या नावाखाली कोणतीही एक बाजू घेता येत नाही.

माणसाच्या नावाच्या पुस्तकाचा मोठा गुण असा की ते उचललं जातं. ‘ययाति’, ‘फकिरा’, ‘सावित्री’, ‘शितू’, ‘राऊ’. टेबलावर पुस्तकं मांडली की नव्या वाचकाचा हात याच नावांकडे जातो. कोणाशी तरी ओळख होणार आहे एवढं कळतं आणि तेवढं पुरतं. आमच्याकडे या पुस्तकांच्या बैठकांना हजेरीही चांगली असायची, अगदी कापूस वेचणीच्या दिवसांत, जेव्हा संध्याकाळी कोणाच्या अंगात त्राण उरत नाही. पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ तर नुसत्या पत्रांची. पाचोऱ्याहून जळगावला रोज गाडीनं ये-जा करणाऱ्या आमच्या एका ताईंनी ती जाता-येता गाडीतच संपवली आणि लगेच पुन्हा सुरू केली. एकट्यानं वाचायला हे पुस्तक सुंदरच आहे.

पण बैठकीत एक गोष्ट वारंवार व्हायला लागली, आणि शेवटी माझा कौल तिनंच ठरवला. माणसाच्या नावाचं पुस्तक घेऊन बसलं की तासाभरात त्या माणसाचा निवाडा सुरू होतो.

‘ययाति’चंच घ्या. खांडेकरांनी १९५९ च्या या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांना आपापल्या तोंडानं बोलायला लावलं आहे. वाचणाऱ्यानं एकाच्याच बाजूला जाऊन बसू नये अशीच ती रचना. पुराणातला राजा घेऊन त्यांना आजचा भोगामागे धावणारा माणूस दाखवायचा होता. आमच्या बैठकीत मात्र पहिलाच प्रश्न आला, चूक कोणाची? तिथून पुढे सगळं त्याच वाटेनं गेलं. निम्मी मंडळी म्हणाली, मुलाचं तारुण्य मागणारा बाप तो कसला बाप. निम्मी म्हणाली, देवयानी आडमुठी होती म्हणून हे घडलं. कच बाजूला पडला. शर्मिष्ठेनं वनवासात काढलेले दिवस बाजूला पडले. १९७४ चा ज्ञानपीठ मिळवणारी, मराठीला तो मान पहिल्यांदा देणारी ही कादंबरी, आणि तिच्या भाषेबद्दल त्या संध्याकाळी कोणी चकार शब्द काढला नाही. निघताना सुद्धा दोघं जण ओट्यावर चपला घालता घालता देवयानीवरूनच बोलत होते.

‘राऊ’च्या वेळी तर त्याहून पुढे गेलं. ऐतिहासिक माणूस म्हटला की पुस्तकाबाहेरचे पुरावे येतात. मस्तानीबद्दल असं घडलंच नव्हतं, काशीबाई असं बोलल्याच नसणार, अमुक बखरीत वेगळं आहे. ज्याच्या हातात मोबाइल, तो तिथल्या तिथे काहीतरी शोधून मोठ्यानं वाचून दाखवायचा. इनामदारांनी कादंबरी लिहिली आहे, इतिहासाचा खटला चालवलेला नाही, हे सांगायला कोणाला फुरसतच मिळाली नाही. आणि अशा नावांना हल्ली कोणाकोणाच्या अस्मिता चिकटलेल्या असतात. तोंड उघडण्याआधी माणूस समोर कोण कोण बसलंय ते बघून घेतो. बारा-पंधरा माणसांच्या गावकीतल्या कट्ट्याला हे परवडत नाही. सकाळी दुधाच्या डेअरीवर पुन्हा एकमेकांची तोंडं बघायची असतात.

हा त्रास पुस्तकांचा नाही हे मला मान्य आहे. चांगला चालक असेल तर तो बैठक वळवू शकेल, कदाचित तुमच्याकडे तसं कोणी असेलही. पण मला वाटतं शीर्षकाचाही त्यात थोडा वाटा आहे. शीर्षक आधीच सांगून ठेवतं, याच्याकडे बघा. मग सगळे त्याच्याकडेच बघतात आणि आजूबाजूचं गाव, माणसं, काळ अंधूक होत जातो. दुसरी गोष्ट मला जास्त खुपली. निवाडा द्यायला एक प्रकारचा ठामपणा लागतो, चारचौघांत आवाज चढवायची सवय लागते. ती ज्यांना आहे तेच बोलत राहिले. आमच्यातल्या तीन-चार बायका आणि कॉलेजातली मुलं पुस्तक नीट वाचून यायची, भिंतीशी बसायची आणि न बोलता घरी जायची.

मग ठिकाणांची यादी काढली आणि ‘बनगरवाडी’नं सुरुवात केली. माडगूळकरांची १९५५ ची ही छोटी कादंबरी तुम्ही वाचलेली असेलच. माणदेशातली मेंढरांमागची वस्ती, तिथे आलेला पोरसवदा मास्तर, कारभारी, तालीम बांधायचा घाट, राजाची भेट आणि शेवटी दुष्काळानं रिकामी झालेली वाडी. मास्तर चांगला की वाईट असं विचारायला कोणाला सुचलंच नाही. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले आमचे एक गुरुजी बोलायला लागले, ते थेट सातपुड्यात पोचले. त्यांची पहिली नेमणूक धडगावच्या बाजूला एका पाड्यावर होती. पोरं पावरी बोलायची, यांना मराठी आणि घरची अहिराणी एवढंच येत होतं. फळ्यावर चित्रं काढून काढून त्यांनी पहिले महिने रेटले. मग केळीची बाग असलेल्या नानांनी बहात्तरचा दुष्काळ काढला. खडी फोडायची कामं, सुकडी, गुरं सोडून देणारी माणसं. नाना एरवी पुस्तकावर बोलत नाहीत, आपल्याला साहित्यातलं कळत नाही म्हणतात.

आणि त्या दिवशी आमच्या अंगणवाडीच्या ताई पहिल्यांदा बोलल्या. बनगरवाडीत एक प्रसंग आहे, औताला बैल एकच आणि दुसऱ्या बाजूनं बायको खांद्यावर जू घेते. ताई म्हणाल्या, हे मी पाह्यलंय, माझ्या मावशीचं. एवढंच बोलून थांबतील असं वाटलं होतं, पण त्या बोलत राहिल्या. मावशीचा खांदा, तिचं नंतरचं आजारपण, तिच्या नवऱ्याची त्या दिवसानंतर खाली गेलेली नजर. कोणी मध्ये बोललं नाही. नवऱ्याला दोषी ठरवायला कोणी पुढे आलं नाही, कारण सगळ्यांना तो दुष्काळ दिसत होता.

ठिकाणाचं नाव शीर्षकात असलं की वाचणारा आपलं ठिकाण काढतो, असा माझा अनुभव आहे. आणि आपलं गाव प्रत्येकाकडे असतं. त्याबद्दल सांगायला अधिकार लागत नाही, वाचनाचा पूर्वाभ्यास लागत नाही. गोनीदांच्या, म्हणजे गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’त अंबावहिनी आपल्या डोळ्यांदेखत ओसरत गेलेलं कोकणातलं गाव सांगते. आमच्या बैठकीत त्यावरून धाब्याच्या घरांचा विषय निघाला. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायला घरात माणूस उरला नाही की ते घर किती भराभर खाली बसतं, हे प्रत्येकानं पाहिलेलं. पोरं सुरतेला नाहीतर पुण्याला, म्हातारी ओट्यावर. एका सरांनी सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेल्या मणिबेलीचा विषय काढला. गाव ओसरणं आणि गाव बुडणं यांत फरक काय, यावर मुलं इतकी बोलली की चहा दोनदा करावा लागला.

खान्देशी माणसाला हे जवळचं वाटावं याला कारण आहे. १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आज सरकारी कागदावर खान्देश नावाचा जिल्हा नाही. तरी पुण्यात कोणी विचारलं तर आपण आधी खान्देशच सांगतो, मग जळगाव की धुळे ते.

आता ठिकाणांच्या पुस्तकांच्या अडचणीही सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत.

ही पुस्तकं संथ चढतात. ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांचं आहे, खोतांच्या पिढ्याच्या पिढ्या जगबुडी नदीच्या काठी नांदतात आणि पहिल्या शंभर पानांत कोण कोणाचा कोण हे लक्षात ठेवताना दमछाक होते. आमच्याकडे दोघांनी ते अर्ध्यात ठेवलं. दुसरं असं की यादी कोकणात जाऊन बसते. पडघवली, तुंबाड, गारंबी. माड-पोफळी, आगर, खोती हे सगळं आपल्याकडच्या वाचकाला परकं. दादर ज्वारी आणि कापसाच्या रानातल्या माणसाला आगर म्हणजे काय हे सांगावं लागतं. मुंबईची नावं घ्यावीत तर ‘माहीमची खाडी’, ‘वासूनाका’, ढसाळांच्या कवितांचा ‘गोलपीठा’. तिन्ही जोरकस, पण सगळ्या वयाच्या मिश्र बैठकीत शेवटच्या दोन पुस्तकांची भाषा मोठ्यानं वाचायला काहींना जड जातं. आम्ही ‘माहीमची खाडी’ घेतली. झोपडपट्टीतलं जगणं सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये राहून आलेल्यांना अगदी ओळखीचं निघालं.

आणि खान्देश कुठे आहे? शीर्षकात आपल्या भागातलं गाव असलेली कादंबरी आमच्या यादीत काही बसली नाही. नेमाडे मूळचे सांगवीचे, ‘कोसला’तल्या पांडुरंगाच्या आडनावात ते गाव आहे, पण शीर्षकात नाही. ‘हिंदू’त मोरगाव अख्खंच्या अख्खं उभं केलेलं आहे, तेही शीर्षकात नाही. त्यामुळे सूत्राला थोडं वाकवून आम्ही महानोरांची ‘पळसखेडची गाणी’ घेतली. पळसखेड हे आमच्या जिल्ह्याच्या हद्दीपलीकडचं, पण अजिंठ्याच्या डोंगराखालचं, पिकं तीच, बोली जवळची. लोकगीतांचं पुस्तक असल्यामुळे ती बैठक बायकांनीच चालवली.

सूत्र दोन्हीकडून फसतं तेही पाहून ठेवा. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ शीर्षकानं ठिकाण आहे, पण बैठकीत ते माणसाच्या नावाच्या पुस्तकासारखंच वागतं. भाऊसाहेबांचं चुकलं की होळकरांचं, इथेच सगळं अडकतं. रणांगणाच्या नावात गाव नसतं, फक्त हारजीत असते. म्हणून ठिकाणांची यादी करताना ते मी धरणार नाही, पुस्तक कितीही पकड घेणारं असलं तरी.

उलट ‘श्यामची आई’ माणसाच्या बाजूचं असूनही तिथे निवाडा झाला नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, हे पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि आहे ते सगळं पालगडचं. इकडच्या कित्येक घरांत आजोबा-पणजोबांनी सांगितलेली गुरुजींची एखादी आठवण आहेच. पण ती बैठक चांगली झाली ती त्यामुळे नव्हे. शीर्षकात आईचं नावच नाही, नातं आहे. ज्याला त्याला आपली आई आठवली. ‘बहिणाबाईंची गाणी’चंही तसंच. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, पुढच्या वर्षी सोपानदेवांनी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आणलं. शीर्षकात नाव त्यांचं, पण आत पेरणी आहे, मळणी आहे, मोट आहे, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका आहे. आमच्याकडे ते पुस्तक चर्चेला घेतलं आणि चर्चा झालीच नाही, गाणीच म्हटली गेली. दोन्ही यादींत हे पुस्तक बिनदिक्कत घाला.

‘फकिरा’लाही मी जवळपास याच रांगेत बसवीन. अण्णाभाऊंनी आधी वाटेगाव उभं केलं, गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून जोगिणी आणणारा बाप राणोजी दाखवला आणि मग फकिराला आणलं. भुकेल्या गावासाठी धान्य लुटावं की नाही यावर बोलणं झालं, पण ते गावाच्या बाजूनं झालं.

एवढं सांगून तुमचं ठरत नसेल तर एकाच लेखकाची दोन पुस्तकं लागोपाठ घेऊन बघा. गोनीदांची ‘शितू’ आणि ‘पडघवली’ ही जोडी या कामाला अगदी योग्य. कोकण तेच, लेखणी तीच, माया तीच. ‘शितू’ मला व्यक्तिशः अधिक प्रिय आहे हे इथे नोंदवतो. लहानपणीच कपाळ पांढरं झालेली ती मुलगी आणि विसू यांचं काय होतं हे वाचताना आजही मला पुस्तक मिटून थोडा वेळ बसावं लागतं. पण आमच्या बैठकीत ‘शितू’वर विसूनं काय करायला हवं होतं याच्या पलीकडे बोलणं सरकलं नाही, आणि ‘पडघवली’वर रात्रीचे साडेनऊ वाजले. एकट्यानं वाचायला एक, चौघांत बसून वाचायला दुसरं, असं माझं तरी झालं. तुमचं वेगळं होऊ शकतं.

मधली वाटही आहे. काही शीर्षकांत दोन्ही असतं. ‘गारंबीचा बापू’, ‘माचीवरला बुधा’, ‘पवनाकाठचा धोंडी’. गारंबीशिवाय बापू नाही आणि त्याला नावं ठेवायला गारंबी आहेच. बापूचं चुकलं म्हणणाऱ्याला पुस्तकातलं गावच आधी ते म्हणून दाखवतं, त्यामुळे बैठकीत तो सूर लवकर विरतो. बुधा मुंबई सोडून राजमाचीवर परत येतो. बाहेरगावी नोकरी करून गावाकडे परतलेला कोणी तुमच्या कट्ट्यावर असेल, तर त्याला हे पुस्तक आधी द्या आणि बैठकीची सुरुवात त्यालाच करू द्या. पहिल्याच वर्षी एकदम ठिकाणांवर जायला मन धजत नसेल तर या तिघांपासून निघायला हरकत नाही.

कोणाला भेट द्यायची असेल, दहावी-बारावीच्या मुलाला वाचनाची गोडी लावायची असेल, किंवा कट्ट्यात मोजून चार जुने मित्र असतील, तर माणसाच्या नावाची पुस्तकंच बरी. चार मित्रांत निवाडा रंगतो आणि कोणी मनाला लावून घेत नाही. पण नवा कट्टा असेल, घरांतल्या बायका आणि पोरं आणि शेतकरी एकत्र बसणार असतील, तर माझं मत ठिकाणांच्या यादीकडे झुकतं.

माझ्या हातात असतं तर मी आखाजीनंतर, शेतीची घाई सुरू व्हायच्या आत ‘बनगरवाडी’ घेतली असती. लहान आहे, दोन बैठकांत मोठ्यानं वाचून होते, आणि प्रती कमी असल्या तरी चालतं. पावसाळ्यात ‘पडघवली’. श्रावणात कानबाईच्या सणाच्या आसपास बायका एकत्र असतातच, तेव्हा ‘बहिणाबाईंची गाणी’ किंवा ‘पळसखेडची गाणी’. कापूस वेचणीला ‘गारंबीचा बापू’, कारण तेव्हा ओढून नेणारं काहीतरी लागतं. वेचणी संपून हात मोकळे झाले, थंडीत भरिताच्या जेवणावळी सुरू झाल्या की ‘तुंबाडचे खोत’ला हात घाला, एकेका खंडाला दोन-दोन महिने द्या, आणि खोतांच्या पिढ्यांचा तक्ता मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावून ठेवा. प्रती जळगावच्या व. वा. वाचनालयात किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयात आधी विचारून बघा. आपल्या तालुक्याच्या वाचनालयातही जुन्या बांधणीच्या प्रती निघतात, फक्त दुसरा खंड जागेवर आहे का ते पहिला घेण्याआधी पाहून घ्या.